पहिल्या बारानंतरची दुसरी गोळी : मूसच्या शिकारीसाठी सराव कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका क्लबात तुम्ही आठ वर्षे 10 मीटर एअर रायफल चालवलीत, नोकरीनिमित्त दक्षिण स्वीडनला आलात, यंदा इथली शिकारी परीक्षा उत्तीर्ण झालात आणि येत्या ऑक्टोबरमध्ये एका शिकारी गटाबरोबर मूसच्या, म्हणजे इथल्या जंगलातील महाकाय हरणाच्या, शिकारीला प्रथमच उभे राहणार आहात. रेंजवर उभ्या मूसच्या आकृतीवर तुमची पहिली गोळी नेमकी बसते; पण आकृती धावू लागली की दुसरी गोळी सुटायला इतका वेळ लागतो की तोवर ती रुळाच्या टोकाला पोचून आडोशामागे गेलेली असते. तुमची रायफल .308 विंचेस्टर या काडतुसाची, साध्या बोल्टची आहे, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर मागचा दांडा हाताने वर उचलून मागेपुढे करावा लागतो. तुम्ही विचारता की सरळ मागे ओढायच्या बोल्टची महागडी रायफल घ्यावी का, आणि घेऊ नये असे असेल तर हाताचा वेग कसा वाढवावा.

रायफल बदलू नका. गेली एकोणीस वर्षे मी दक्षिण स्वीडनमधील स्मोलांडच्या जंगलात मूसच्या शिकारीला जातो आणि त्यातील बारा वर्षे आमच्या क्लबाच्या रेंजवर नव्या शिकाऱ्यांचा सराव घेतो. तेवढ्या अनुभवावरून सांगतो की तुम्हाला लागणारा वेळ बोल्टमध्ये जात नाही आणि हातातही फारसा जात नाही. तो गालात जातो. बार उडाला की तुमचा गाल दस्त्यावरून, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागावरून, उठतो, डोळा दुर्बिणीतून बाहेर येतो, रायफल चार बोटे खाली येते आणि तुम्ही गोळी कुठे लागली ते पाहू लागता. मग बोल्ट, मग पुन्हा रायफल वर, मग पुन्हा दुर्बिणीत जनावर शोधणे. खुद्द बोल्ट मागेपुढे करायला जेमतेम एक सेकंद लागतो. बाकी सगळा वेळ जनावर पुन्हा सापडण्यात जातो.

हे तुमच्याकडून का घडते, तेही उघड आहे. 10 मीटरच्या स्पर्धेत प्रत्येक छर्रा हाताने एकेक भरायचा असतो. बार झाल्यावर क्षणभर स्थिर राहायचे, मग रायफल स्टँडवर टेकवायची, पडद्यावर गुण पाहायचे, श्वास सोडायचा आणि पुढच्या छऱ्याची तयारी नव्याने सुरू करायची, ही शिस्त तिथे योग्यच आहे आणि ती तुमच्या अंगात आठ वर्षे मुरलेली आहे. महाराष्ट्राला या शिस्तीचा अभिमान वाटावा असेच तिचे फळ आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते या सबुरीच्या बळावर. तुमची पहिली गोळी जागेवर बसते ती त्याच संस्कारामुळे, म्हणून तो पुसू नका. फक्त त्याची शेवटची कडी बदलायची आहे. स्पर्धेत बार झाला की ती गोळी संपते. जंगलात बार झाल्यावर बोल्ट पुन्हा बंद होऊन दुर्बिणीतील खूण पुन्हा त्याच जनावरावर स्थिरावली, म्हणजे ती गोळी संपते. दुसरी गोळी झाडायची की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. एवढी एक गोष्ट मनात पक्की झाली तर खालचा सगळा सराव तिच्याभोवती आपोआप रचला जाईल.

दुसऱ्या गोळीवर इथे एवढा भर का देतात, हे नवख्याला चटकन कळत नाही. पूर्ण वाढलेला नर मूस चारशे-पाचशे किलोचा असतो. दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली तरी तो सिनेमात दाखवतात तसा जागच्या जागी कोसळत नाही. पुष्कळदा तो काहीच घडले नसल्यासारखा उभा राहतो, दोन पावले टाकतो, किंवा पन्नास-शंभर मीटर दौडत जाऊन मग बसतो. पाहणाऱ्याला वाटते की नेम चुकला. किंवा उलट, नेम अचूक बसला हे ठाऊक असल्यामुळे शिकारी निश्चिंत होऊन रायफल खाली घेतो. दोन्हींतून अनर्थ होतो, कारण गोळी खरोखर कुठे लागली हे त्या क्षणी तुम्हाला ठाऊक नसते. तुमची कल्पना तेवढी असते. म्हणून इथले जुने शिकारी सांगतात की मूस उभा आहे आणि मागची बाजू सुरक्षित आहे तोवर थांबू नका. तो पडेपर्यंत झाडत राहा. कायदाही याच बाजूचा आहे. जखमी जनावर शोधून त्याच्या यातना संपवणे हे शिकाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि मूससारख्या खुरी प्राण्याच्या शिकारीत माग काढण्याचे शिक्षण दिलेला कुत्रा बार झाल्यापासून दोन तासांच्या आत त्या जागी पोचू शकेल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

माझ्या दुसऱ्या वर्षी जे घडले ते सांगतो, कारण तुमची चूक त्याच जातीची आहे. ऑक्टोबरची सकाळ होती, दव पडलेले, सूचिपर्णी झाडांमधील वीस पावले रुंद मोकळी पट्टी माझ्या वाट्याला आली होती. कुत्र्याचे भुंकणे जवळ येत गेले आणि साठएक मीटरवर एक तरुण नर पट्टीच्या मध्यावर येऊन आडवा उभा राहिला. मी बार टाकला, तो किंचित आखडला आणि उभाच राहिला. मी डोके वर काढून त्याच्याकडे पाहिले. मग घाबऱ्या घाबऱ्या बोल्ट ओढला, पुढे रेटला, नेम धरला आणि चाप दाबला, तर नुसता ‘खट्’ आवाज. बोल्ट मी अर्धाच मागे ओढला होता. रिकामी पुंगळी बाहेर फेकली गेली नव्हती, तीच पुन्हा चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, जाऊन बसली होती. खाली मॅगझिनमध्ये तीन काडतुसे जशीच्या तशी होती. तो नर आणखी तीन-चार सेकंद तिथेच उभा होता, ते सेकंद मला आजही मोजता येतात, आणि मग तो शांतपणे झाडीत शिरला. रक्त गडद, जवळजवळ काळसर होते, म्हणजे गोळी यकृतात लागली होती. शिकारप्रमुखांनी सर्वांना जागीच थांबवले, माग काढणारी कुत्री आणि तिचा मालक आले, आणि सव्वातीन तासांनी, सातशे मीटरवर, एका दलदलीच्या कडेला तो नर सापडला. तोवर तो जिवंत होता. त्याने ते तीन तास कसे काढले असतील याचा विचार मनातून जात नाही, आणि जाऊ नये असेच मला वाटते.

त्या हिवाळ्यात मी जो सराव केला, तोच आजवर शिकवत आलो आहे. त्याचा तीन चतुर्थांश भाग घरी, काडतुसाविना होतो.

कोरड्या सरावाआधीची शिस्त कधीही मोडू नका. खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात. रायफल उघडून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही पाहा. भिंतीची अशी बाजू निवडा की पलीकडे कोणी राहत नाही. आणि सराव संपला की तो संपला. ‘आता शेवटचा एकदा’ असे म्हणून पुन्हा रायफल उचलायची नाही, कारण घरातील अपघात बहुधा त्या शेवटच्या एकदालाच होतात. सरावासाठी डमी काडतुसे चार-पाच घ्या. रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट चालवला तर तो सुळसुळ चालतो आणि हाताला खोटी सवय लागते. काडतूस मॅगझिनमधून उचलून चेंबरमध्ये ढकलताना जो अडसर जाणवतो तो हाताला ठाऊक व्हायला हवा.

भिंतीवर नाण्याएवढा काळा ठिपका चिकटवा, दुर्बीण सर्वात कमी मोठेपणावर ठेवा आणि रायफल खांद्याला लावा. पहिल्या आठवड्यात वेगाचे नावही काढू नका. चाप दाबा, ‘खट्’ झाल्यावर दुर्बिणीतील खूण ठिपक्याच्या कोणत्या बाजूला आहे ते मनात म्हणा, मग चापावरचे बोट बाहेर काढा आणि गाल दस्त्यावर तसाच ठेवून बोल्ट उचला, शेवटपर्यंत मागे ओढा, शेवटपर्यंत पुढे न्या, खाली दाबा. बोट चापाच्या कड्याबाहेरच. खूण पुन्हा ठिपक्यावर येऊन स्थिर झाली की एक आवर्तन पूर्ण झाले. दुसरा ‘खट्’ प्रत्येक वेळी करू नका. तीन आवर्तनांत एकदा करा, दोनदा नुसते नेम धरून थांबा आणि सेफ्टी लावा. बोल्ट बंद झाला की चाप दाबायचाच अशी सवय जडली तर ती दुसऱ्या गोळीच्या दिरंगाईहून अधिक घातक आहे.

हाताविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे गाडे इथेच अडते. बोल्टची मूठ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून उचलू नका. चिमटीने धरले की मनगट वळवावे लागते, कोपर उठतो आणि त्याबरोबर रायफल कलंडते. तळहात अर्धवट उघडा ठेवा, मुठीचा गोळा तर्जनीच्या बुडाशी येऊ द्या आणि हात वर नेतानेच बोल्ट उचला. मग त्याच ओघात मागे खेचा, आणि पुढे नेताना तळहाताच्या गादीने ढकला. मागे आणि पुढे या दोन वेगळ्या क्रिया नाहीत, तो एकच हेलकावा आहे, विहिरीच्या रहाटावर दोर ओढणाऱ्याच्या हातासारखा. मागचे टोक गाठल्याची ठोस जाणीव हाताला व्हायलाच हवी. बोल्ट हळुवारपणे चालवणे हा आपल्याकडील सभ्य माणसांचा दोष आहे. महाग यंत्राला इजा होईल असे वाटते. इजा होत नाही. ते यंत्र जोराने वापरण्यासाठीच घडवलेले आहे, आणि हळुवार हातानेच पुंगळी आत अडकते. डाव्या हाताचे काम या वेळी दुप्पट होते, कारण उजवा हात सुटला की रायफल खांद्यात घट्ट ओढून धरायची जबाबदारी त्याच्या एकट्यावर येते. दस्ता खांद्यातून निसटत असेल तर दोष उजव्या हातात शोधू नका.

गाल टिकत नसेल तर आधी दस्त्याची लांबी तपासा. रेंजवर टी-शर्टात बरोबर वाटणारा दस्ता ऑक्टोबरच्या जाड जाकिटावर दोन सेंटिमीटर लांब होतो, आणि मग बोल्ट मागे येताना नाकाला लागेल या भीतीने माणूस नकळत डोके उचलतो. म्हणून कोरडा सराव सुरुवातीपासून शिकारीच्या कपड्यांत, हातमोज्यांसह करा. घरातली माणसे हसतील, हसू द्या.

असा दहा मिनिटांचा सराव आठवड्यातून चार दिवस, सहा आठवडे केला की वेग आपोआप येतो. तिसऱ्या आठवड्यात बसून, चौथ्यात गुडघ्यावर, पाचव्यात उभ्याने काठीच्या आधाराने. मूसच्या शिकारीत तुम्ही ठरलेल्या जागेवर तासन्‌तास थांबता. बहुधा घडीच्या छोट्या स्टुलावर किंवा लाकडी मचाणावर. तिथे शरीराला पीळ देऊन उजवीकडे नेम धरावा लागला की बोल्टचा हात कसा अडखळतो ते घरीच कळलेले बरे.

यानंतर .22 ची, म्हणजे लहान काडतुसाची, रायफल. तुमच्या क्लबात ती मिळेल. शक्यतो मोठ्या रायफलसारखीच ठेवण असलेली घ्या. तिच्या काडतुसाला धक्का नसतो आणि खर्चही किरकोळ असतो, त्यामुळे एका संध्याकाळी पन्नास जोड्या झाडता येतात. जोडी म्हणजे दोन गोळ्या, दोन्ही एकाच जनावरावर, मधे गाल न उचलता. मोठ्या रायफलवर मात्र एका दिवशी वीस काडतुसांपलीकडे जाऊ नका. त्यानंतर खांदा दमतो, मन धक्क्याची वाट पाहू लागते, आणि चाप दाबताना डोळा मिटण्याची जी सवय लागते ती मोडायला वर्ष जाते.

तुमच्या हातात .308 आहे ते उत्तम आहे. इथे मूससाठी किमान 10 ग्रॅमची गोळी आणि 100 मीटरवर किमान 2000 ज्यूल ऊर्जा लागते, किंवा 9 ते 10 ग्रॅमची गोळी असल्यास 2700 ज्यूल. पहिल्या अटीत इथली जुनी 6.5×55 सुद्धा बसते, आणि 1894 पासूनच्या त्या काडतुसाने या देशात किती मूस पडले असतील याची गणतीच नाही. गटातील कोणी तुम्हाला ‘खरी मूसची रायफल’ म्हणून 9.3×62 घेण्याचा आग्रह करील. ते काडतूस चांगलेच आहे, पण त्याचा धक्का 6.5 च्या दुपटीच्या आसपास असतो, आणि दुसऱ्या गोळीचा विचार केला तर नवख्यासाठी हा फरक फार मोठा आहे. नळीवर साउंड मॉडरेटर, म्हणजे बाराचा आवाज कमी करणारे नळकांडे, मात्र जरूर लावा. त्याने नळीची उसळी कमी होते आणि बार होताना जनावर दुर्बिणीतून निसटत नाही. दुर्बीण 1–6×24 सारखी, म्हणजे एकपट ते सहापट मोठे दाखवणारी, असेल तर तुमच्या जागेवर उभे राहताच ती 1 वर आणून ठेवा. इथले पुष्कळ शिकारी दुर्बिणीऐवजी लाल ठिपक्याचे उपकरण वापरतात. पहिले इलेक्ट्रॉनिक लाल ठिपक्याचे उपकरणही इथलेच, एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने 1975 मध्ये बाजारात आणलेले. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, हा त्याचा मोठा गुण. सरळ ओढायच्या बोल्टची रायफल माझ्याकडेही आहे आणि मला ती आवडते. पण आमच्या गटातील सर्वात जलद माणूस सत्तरी ओलांडलेला शेतकरी आहे आणि त्याच्याकडे वडिलांची जुनी माउझर पद्धतीची रायफल आहे, जिचा बोल्ट पुरा 90 अंश उचलावा लागतो.

आता रेंजवरच्या मूसविषयी. इथे ज्याला एल्यबाना म्हणतात त्यात 80 मीटरवर मूसची पूर्णाकृती रुळावर उभी असते. आधी उभ्या आकृतीवर एक गोळी आणि मग ती धावू लागली की दुसरी. तुमची अडचण नेमकी इथे आहे, आणि तिचे दोन भाग करून सोडवा. पहिले काही दिवस रेंजप्रमुखांना विनंती करून आकृती उभीच ठेवा आणि जोड्या झाडा. पहिल्या बारापासून दुसऱ्या बारापर्यंतचा वेळ मित्राला मोजायला सांगा. दहा जोड्यांतील वीसही गोळ्या काळजाभोवतीच्या 25 सेंटिमीटरच्या वर्तुळात पडल्या, तरच वेळ अर्ध्या सेकंदाने कमी करा. एक जरी बाहेर गेली तरी त्याच वेळावर थांबा. बहुतेक जण सहा सेकंदांपासून सुरुवात करतात आणि एका उन्हाळ्यात साडेतीन-तीनपर्यंत येतात. त्याखाली उतरण्याची मला गरज वाटत नाही. दोन सेकंदांत वर्तुळाबाहेर पडलेली गोळी ही दुसरी गोळी नव्हे. ती दुसरी जखम आहे.

धावत्या आकृतीसाठी साधे गणित करा. दौडणारा मूस सेकंदाला पाचएक मीटर जातो असे धरा. तुमची गोळी 80 मीटर जायला साधारण एक दशांश सेकंद घेते. तेवढ्यात मूस अर्धा मीटर पुढे सरकतो, म्हणजे काळजावर नेम धरलात तर गोळी पोटात जाते. नेम छातीच्या पुढच्या कडेवर धरावा लागतो. चालणाऱ्या मूसला मात्र वीतभर पुढे धरले तरी पुरते. हे आकडे पाठ असले तरी उपयोग तेव्हाच, जेव्हा चाप दाबताना रायफल जनावराबरोबर फिरत असते आणि बारानंतरही फिरत राहते. इथे पुन्हा तोच गाल आहे. पहिल्या बारानंतर बोल्ट चालवत असताना रायफल थांबू देऊ नका. डाव्या हाताने आणि कमरेने जनावराच्या वेगाने फिरत राहा, म्हणजे बोल्ट बंद होईल तेव्हा खूण जनावरावरच असेल, आणि पुढचे अर्धा मीटर घ्यायला फक्त हात किंचित पुढे न्यायचा राहील. घरी याचा सराव करायचा असेल तर भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून खूण सावकाश सरकवत बोल्ट चालवा. रेषेवरून खूण न ढळता तीन आवर्तने झाली की समजा हात बसला.

ही विद्या इथल्या मातीत जुनी आहे. 1908 ते 1924 या काळातील ऑलिंपिकमध्ये धावत्या हरणाच्या आकृतीवर नेमबाजी होत असे आणि तिच्यात दुहेरी बाराचा वेगळा प्रकार होता, ज्यात एका फेरीत दोन गोळ्या झाडायच्या असत. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी 1908 मध्ये साठाव्या वर्षी एकेरी बारात सुवर्णपदक घेतले, आणि 1920 मध्ये अँटवर्पला याच दुहेरी बाराच्या सांघिक स्पर्धेत वयाच्या 72 व्या वर्षी रौप्यपदक मिळवले. बहात्तरीच्या माणसाला जे साधते ते हाताच्या चपळाईने साधत नाही, हे तुम्ही आम्ही दोघांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

सराव पुढे गेला की एक कसोटी जरूर करा. मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि तीन खऱ्या काडतुसांत एक डमी कुठेतरी घालू द्या. अर्थात रेंजप्रमुखांच्या परवानगीने. डमीवर ‘खट्’ झाले की दोन गोष्टी दिसतात. नळी खाली झुकली, तर तुम्ही धक्क्याला भिता हे कळते. आणि चकित होऊन डोके उचललेत, तर अडचणीच्या वेळी तुमचा गाल टिकत नाही हे कळते. न बोलता, न पाहता बोल्ट पूर्ण ओढून पुढची गोळी झाडता आली पाहिजे. माझ्या त्या नराच्या वेळी मला एवढेच आले असते तर पुरे होते.

दुसरी गोळी केव्हा झाडू नये, याचाही सराव करावा लागतो. पहिल्या गोळीसाठी मी जो कोन नाकारतो, उदाहरणार्थ तिरका पाठमोरा, तो जनावर जखमी झाल्यावर स्वीकारतो, कारण आता पर्याय यातना हाच आहे. पण मागे माती नसेल, जनावर उंचवट्याच्या रेषेवर गेले असेल किंवा तुम्हाला आखून दिलेल्या टापूच्या बाहेर, शेजारच्या शिकाऱ्याच्या दिशेला वळले असेल, तर दुसरी गोळी नाहीच. मग जनावर जखमी असो वा नसो. सकाळी जागेवर पोचलात की पहिली पाच मिनिटे यालाच द्या. कोणत्या झाडापासून कोणत्या दगडापर्यंत बार टाकता येतो ते पाहा, दोन्ही टोके मनात बांधून घ्या, आणि रिकाम्या रायफलने एकदा तो टापू फिरून घ्या.

दुसरा धोका जनावर बदलण्याचा. मादीबरोबर पिल्लू असते तेव्हा पिल्लाआधी मादी मारायची नाही, हा इथला पक्का नियम आहे. तुम्ही पिल्लावर बार टाकला, ते झुडपात शिरले, आणि दोन सेकंदांनी त्याच झुडपातून मादी बाहेर आली, तर हाताला लागलेली वेगाची सवय तिच्यावर गोळी झाडील. डोळा दुर्बिणीत राहिला असेल तर ही चूक टळते. डोके उचललेल्या माणसाकडून ती होते. रेंजवर दोन कागदी आकृत्या शेजारी लावा, मित्राने ‘डावी’ किंवा ‘उजवी’ म्हटल्यावर पहिली गोळी झाडा, आणि दुसरी त्याच आकृतीवर पडेपर्यंत मित्राला मुद्दाम बोलत राहू द्या.

मांस वाया जाईल म्हणून दुसरी गोळी टाळणारे लोक तुम्हाला भेटतील. फासळ्यांमधून गेलेल्या दुसऱ्या गोळीने थोडेफार मांस रक्ताळते, हे खरे. पण रात्रभर दलदलीत पडून राहिलेला मूस सगळाच्या सगळा वाया जातो. मला या हिशोबात दुसरी बाजू दिसत नाही.

जनावर पडले की काम संपत नाही. बोल्ट चालवा, खूण त्याच्यावर ठेवा, सेफ्टी लावा आणि घड्याळात पाहून दोन मिनिटे तसेच राहा. डोके उचलले तर गोळी. मान स्थिर, अंग स्थिर झाले की मॅगझिन खिशातील काडतुसांनी पुन्हा भरा. हेही न पाहता, बोटांच्या अंदाजाने जमले पाहिजे, म्हणून काडतुसे नेहमी एकाच खिशात, टोके एकाच दिशेला ठेवा. मग रेडिओवर शिकारप्रमुखांना कळवा आणि ते सांगतील तेव्हाच जागा सोडा. पाठीच्या बाजूने जा, समोरून नाही. लांब काटकीने डोळ्याला स्पर्श करून पापणी हलत नाही ना ते पाहा, आणि त्यानंतरच रायफल रिकामी करा.

हे सारे मराठीत इतके लांबवून लिहिण्याचे एक कारण आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार थांबली, आणि आपल्या जंगलांची अवस्था पाहता ते योग्यच झाले. पण त्यामुळे शिकारीची शिस्त सांगणारे वडीलधारे आपल्या घरांत उरले नाहीत. इथल्या मुलांना ती आजोबांबरोबर मचाणावर बसून मिळते. तुम्ही आम्ही ती रेंजवर आणि बैठकीच्या खोलीत मिळवायची आहे.

तुमच्या भागात मूसची शिकार ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी उघडते. आज जूनचा मध्य आहे, म्हणजे हातात सोळा-सतरा आठवडे आहेत. जुलैअखेरपर्यंत घरचा कोरडा सराव आणि .22, ऑगस्टमध्ये उभ्या आकृतीवर जोड्या, सप्टेंबरमध्ये धावती आकृती, तीही जाकीट घालून आणि शंभर पावले पळून आल्यावर, धाप लागलेली असताना. शेवटचा आठवडा मोठ्या रायफलला विश्रांती द्या. फक्त नेम जागेवर आहे ना हे तीन काडतुसांनी तपासा. सप्टेंबरमध्ये जोडीचा वेळ साडेचार सेकंदांखाली येत नसेल, पण वीसच्या वीस गोळ्या वर्तुळात असतील, तर तसेच जा आणि शिकारप्रमुखांना तसे आधी सांगा. ते तुम्हाला अशी जागा देतील जिथे मोकळी पट्टी रुंद आहे आणि मूस धावत नाही, चालत येतो.